गायरानातली खदान संपली. 'जमीन पुन्हा हिरवी झाली' हे कशावरून ठरवायचं?

पांझराकाठचा:
नमस्कार मंडळी.

आमचं गाव धुळे तालुक्यातलं. नाव मुद्दाम देत नाही, विषय गावात तापलेला आहे. गायरानाच्या वरच्या अंगाला बरीच वर्षं खडीची खदान चालली. हायवेचं काम जोरात होतं तेव्हा डंपरची रांग रात्रीही थांबत नसे. तो पट्टा, म्हणजे खाणकामाचा भाडेकरार, आता संपला. लागूनच दुसऱ्या तुकड्यासाठी मागणी आली आहे आणि दिवाळीनंतर ग्रामसभा आहे.

जुन्या पट्टेदाराने जाता जाता काठाने रोपं लावली, फलक ठोकला, फोटो काढले. कागदावर 'वृक्षारोपण पूर्ण'. टँकर येत होता तोवर गिरिपुष्प आणि गुलमोहर तग धरून होते. टँकर बंद झाला आणि पुढच्या उन्हाळ्यात नुसत्या काड्या राहिल्या. आज तिथे हिरवी दिसते ती वेडी बाभूळ. ती कोणी लावलेली नाही.

नव्या पट्ट्याला आधीच अट घालू, असं पोरांचं म्हणणं. पण अट कशी लिहायची? 'इतकी झाडं लावावीत' म्हटलं की पुन्हा तेच नाटक. 'जमीन पूर्ववत करावी' म्हटलं तर पूर्ववत म्हणजे काय आणि ते मोजणार कोण? उद्या तहसीलदारांपुढे भांडता येईल असं, मोजता येणारं काहीतरी हवंय. 'खदानच नको' हे उत्तर मलाही ठाऊक आहे. ते बाजूला ठेवून बोला.

भरीत_पार्टी:
मी पहिला! एकच अट घाला. मे महिन्यात भर दुपारी पट्टेदाराने स्वतः लावलेल्या झाडाखाली बसून जेवायचं. सावली पुरली तर अनामत परत.

गिरणाई:
हसले, पण यात शहाणपण आहे. आमच्या चाळीसगावकडे सगळ्या पाहण्या ऑगस्ट-सप्टेंबरात उरकतात. तेव्हा काय, डांबराच्या भेगेतही तरोटा उगवतो. तपासणी कोणत्या महिन्यात होणार हे ठरावात लिहाच.

सावद्याचा_आण्णा:
बहात्तरच्या दुष्काळात आम्ही खडी फोडली आहे रोजगारासाठी. तेव्हा कोणी विचारलं नाही टेकडीचं काय झालं. आज ती जागा बघा, सीताफळ आणि बोरीने भरली आहे. निसर्गाला वेळ द्या, मापदंड कसले लावता?

तृणमित्र:
आण्णा, हातोड्याने फोडलेली टेकडी आणि सुरुंग लावून खोल गेलेली खदान यांत फरक आहे. तुमच्या टेकडीवर मुरूम आणि माती शिल्लक होती. बी पडलं, रुजलं. आताच्या खदानीत तळाला अखंड काळा पाषाण उघडा पडतो, तिथे आपोआप काही यायला माणसाचं आयुष्य पुरणार नाही.

मूळ प्रश्नाकडे. आधी कायदा बघू, त्यात तुम्हाला आधार सापडेल. गौण खनिजांचे (खडी, मुरूम, वाळू वगैरे) नियम करायचा अधिकार १९५७ च्या खाण कायद्याच्या कलम १५ ने राज्यांना दिला आहे. महाराष्ट्राचे नियम २०१३ चे. मोठ्या खनिजांना खाण बंद करण्याचा आराखडा, त्यासाठीची आर्थिक हमी वगैरे २०१७ च्या केंद्रीय नियमांनी लागते, पण ते नियम गौण खनिजांना लागू नाहीत. म्हणून खडीवाले इतके मोकळे.

तरी दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरहून लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. आणि ८ जानेवारी २०२० रोजी कॉमन कॉज प्रकरणात आदेश दिला की खाणकाम थांबल्यावर पट्टेदाराने खणलेल्या आणि बिघडवलेल्या जागेवर पुन्हा गवत आणावं, जमीन चारा, वनस्पती आणि प्राण्यांच्या वाढीला योग्य करून द्यावी. पर्यावरण मंत्रालयाने त्याच महिन्यात, १६ तारखेला, ही अट मंजुरीत घालण्याचं परिपत्रक काढलं. जुन्या पट्ट्याच्या मंजुरीचं पत्र माहितीच्या अधिकारात मागवा आणि ती ओळ आहे का बघा.

'योग्य' म्हणजे किती, हे मात्र त्यात नाही. ते तुम्हालाच लिहावं लागणार.

साक्रीकर:
एक अडचण सांगतो. आमच्या पश्चिम भागात पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू आहे, त्यामुळे गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची शिफारस लागतेच. धुळे तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. तुमचा ठराव कितीही सुंदर लिहा, तो पट्ट्याच्या करारात किंवा पर्यावरण मंजुरीच्या अटींत उतरला नाही तर फायलीत पडून राहील. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेला लेखी द्या आणि पोच घ्या.

पांझराकाठचा:
साक्रीकर, हे कोणीच सांगितलं नव्हतं. तृणमित्र, पत्र मागवतोच.

तापी_ते_ओहायो:
माहेर अमळनेर, सध्या मुक्काम ओहायो. इथे आसपास कोळशाच्या उघड्या खाणी होत्या, त्यामुळे या भानगडी जवळून पाहिल्या आहेत. इथला कायदा १९७७ चा. नुसतं हिरवं चालत नाही. आच्छादन विविध प्रकारच्या वनस्पतींचं, टिकाऊ आणि त्या भागाच्या ऋतुमानाला धरून असलं पाहिजे. मोजताना ते शेजारच्या न खणलेल्या तुकड्याशी किंवा मान्य केलेल्या आकड्याशी ताडतात. त्याच्या किमान ९० टक्के भरलं तर पास, आणि तेही ९० टक्के सांख्यिकी खात्रीने.

मुदतीचा भाग तुमच्या कामाचा आहे. वर्षाला २६ इंचांहून जास्त पाऊस असेल तर पाच वर्षं जबाबदारी, त्याहून कमी असेल तर दहा. आणि घड्याळ सुरू होतं ते शेवटचं खत, पाणी किंवा जादा बी दिल्यानंतर. २६ इंच म्हणजे ६६० मिलिमीटर. शिंदखेड्याकडे तेवढाही पडत नाही. म्हणजे ओहायोला पाच वर्षं आणि शिंदखेड्याला, तोच कायदा लावला तर, दहा! अनामतही एकदम सुटत नाही. भराव, उतार आणि निचरा झाल्यावर ६० टक्क्यांपर्यंत, बाकीची झाडोरा आल्यावर आणि मुदत संपल्यावर.

आता याची दुसरी बाजू, जी इथले लोक चिडून सांगतात. कायदा आल्यावर पूर्व अमेरिकेतल्या ॲपलेशियाच्या डोंगरांत काय झालं? आच्छादनाचा टक्का लवकर गाठायचा म्हणून कंपन्यांनी बुलडोझर फिरवून जमीन गुळगुळीत केली आणि वर फेस्क्यू गवत आणि आशियातून आणलेलं लेस्पेडेझा पेरलं. टक्का मिळाला, अनामत सुटली. पण जमीन इतकी दबलेली आणि गवत इतकं दाट की पूर्वीची ओकची झाडं उगवेनात. मोठाले डोंगर वर्षानुवर्षं तसेच गवताळ राहिले. २००४ मध्ये खाण खात्याच्या लोकांनी आणि वनशास्त्रज्ञांनी एकत्र येऊन नवी पद्धत मांडली: वरची किमान चार फूट माती सैल ठेवा, बुलडोझर कमी फिरवा, झाडांना दाबणारं गवत पेरू नका. सगळं कायद्याप्रमाणे करूनच ते डोंगर बिघडले होते. तेव्हा तुम्ही जे मोजाल तेच पट्टेदार उगवणार, हे धरून चाला.

भरीत_पार्टी:
बाई, साष्टांग. आमच्याकडे २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. रोपं मोजली, तर रोपं मिळाली. झाडं कोणी मोजली?

खडीवाला_नाना:
मी या धंद्यात आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. राग मानू नका.

ताई, कोळशाची गोष्ट वेगळी. तिथे वरचे दगडमातीचे थर काढून बाजूला ठेवतात, कोळसा गेला की खड्डा त्यानेच भरतात. आमच्या खदानीत उचललेला सगळा माल गाडीत जातो. भरायला आणू काय? तळाला काळा पाषाण. त्यावर कुरण मागणं म्हणजे तव्यावर गहू पेरायला सांगणं.

वरची माती बाजूला ठेवा म्हणाल. ठेवायला जागा कोण देतं? आणि दहा वर्षं अनामत अडकली तर छोटा माणूस धंद्यातून जाईल आणि मोठ्या कंपन्या राहतील. रस्ता तुम्हालाच पाहिजे, घर तुम्हालाच बांधायचं, खडीचा ब्रास महागला की शिव्या आम्हाला.

अजून एक. त्या खड्ड्यात पाणी साठतं. उन्हाळ्यात पंचक्रोशीची गुरं तिथेच पाणी पितात. ते बुजवा म्हणणारा गावात एक सापडणार नाही.

बोरीचं_पाणी:
नाना, पाण्याचं मान्य. मातीचं नाही. हिशोब करू. एक हेक्टरावर १५ सेंटिमीटर माती म्हणजे १५०० घनमीटर, साधारण ५३० ब्रास. पारोळ्याकडच्या खदानींत ती माती विटभट्टीला किंवा कोणाच्या शेतात भराव म्हणून जाताना मी पाहिली आहे. जागा नाही म्हणून जात नाही, गिऱ्हाईक आहे म्हणून जाते.

खडीवाला_नाना:
खोटं नाही बोलत तुम्ही. मुरूमही जातो.

तृणमित्र:
नानांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. खदानीचे किमान तीन भाग वेगळे धरले पाहिजेत. वरचा काठ आणि जिथे क्रशर, ऑफिस, डबराचे ढीग होते ती जागा. मग बेंच, म्हणजे पायऱ्या. आणि तळ. एकच टक्का तिघांना लावला तर नाना म्हणतात तसं हास्यास्पद होईल.

वरच्या भागाला पूर्ण मापदंड लावा. तिथे मुरूम असतो, पण डंपर फिरून दगडासारखा घट्ट झालेला असतो. रिपरने (यंत्रामागच्या दातेरी नांगराने) उभा-आडवा फोडावा लागेल आणि त्यावर तीच जुनी माती परत यायला हवी. माती ढीग करून ठेवायची तर ढीग उंच नको आणि फार वर्षं नको. उंच ढिगात आतली माती गुदमरते, बुरशी-जिवाणू मरतात, गवताचं बी कुजतं. सर्वात बरं म्हणजे एका कोपऱ्यातली माती काढायची ती आधी संपलेल्या कोपऱ्यावर थेट टाकायची. नाना, याला वेगळी जागा लागत नाही.

बेंचवर डबर आणि माती मिसळून टाकली की सालई, मोई, काकड, सीताफळ यांना पुरतं. सालई तर कातळाच्या भेगेत उभी राहते. तळाला गुरांसाठी पाणी राहू द्या, फक्त एक बाजू उताराची करून घ्या. उभ्या कड्याचं पाणी गुरांच्या काय कामाचं? पोरं बुडतात ती वेगळीच.

मेंढवाडा:
भो, आमनं बी आयकी ल्या. देशी गवत देशी गवत काय करतस, कुसळ बी देशीच शे. मेंढीना आंगमा घुसस ते कोन काढी?

मराठीत लिहितो. आम्ही ठेलारी, मेंढपाळ. पावसाळा साक्री-धुळ्याकडे, बाकी वर्ष फिरती. त्या गायरानावर आमच्या आजोबांच्या मेंढ्या चरल्या आहेत. खदान आली तेव्हा आम्हाला कोणी विचारलं नाही. आता खदान गेली तर तुम्ही कुंपण घालून दहा वर्षं चराई बंद करणार, आणि त्यालाही आम्हाला विचारणार नाही. आणि दहा वर्षांनी आत कुसळ वाढलं तर तुमचा टक्का भरला. आमचं काय?

शेडा, पवन्या, मारवेल ही गवतं असली तर ते कुरण. नुसतं हिरवं म्हणजे कुरण नाही.

गिरणाई:
मेंढवाडा, धाग्यातलं सर्वात कामाचं वाक्य तुमचं.

तृणमित्र:
+१. आणि हे वनस्पतिशास्त्रालाही धरून आहे. फार चराई आणि दरवर्षीचा वणवा असला की शेडा, मारवेलसारखी चवीची गवतं आधी जातात आणि कुसळ पसरतं, कारण बी धरल्यावर गुरं त्याला तोंड लावत नाहीत. म्हणजे गवताचं नाव कळलं की जमिनीची तब्येतही कळते. नुसत्या आच्छादनाच्या टक्क्यात हे दिसणार नाही. किती गवत बहुवार्षिक, त्यातलं गुरं खातील असं किती, आणि तण किती हे वेगळं नोंदवा. तणांत वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत, रानतुळस यांची नावं घालून वरची मर्यादा लिहा.

सावद्याचा_आण्णा:
रोशा गवत विसरलात की काय? आमच्या लहानपणी रोशाच्या तेलाचा वास सांधेदुखीवर घराघरात असे.

तृणमित्र:
आण्णा, कसं विसरेन? १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये रोशाचं तेल काढण्याच्या धंद्याची नोंद आहे. पिंपळनेर-नंदुरबारकडची ही मोठी चीज होती. पण रोशाही गुरं आवडीने खात नाहीत. खदानीच्या सैल काठावर माती धरायला चांगला.

स्फटिकवेडा:
अवांतर: जळगावकडच्या खदानींत झिओलाइटचे स्फटिक निघतात. स्टिल्बाइट वगैरे, आणि त्यांच्या सोबतीला अपोफिलाइट. जगभरच्या संग्रहालयांत गेलेत. सगळ्या भिंती मातीखाली गाडू नका बुवा.

भरीत_पार्टी:
अजून अवांतर: खदानीत रानपिंगळा सापडल्याची बातमी उठवा. १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला तेव्हा परदेशातून माणसं आली होती. पट्टा आपोआप रद्द.

गिरणाई:
शंभराहून जास्त वर्षांनी दिसलेला पक्षी, जरा मान ठेवा :) रानपिंगळा सागाच्या विरळ जंगलातला. खदानीत तुम्हाला भेटेल ते शृंगी घुबड. जुन्या खदानीच्या कपारीत त्यांची घरटी असतात आणि ती शेतातले उंदीर खातात. स्फटिकवेडा म्हणतात त्याला माझा पाठिंबा, पण कारण घुबडाचं. एखादा उभा कडा मोकळा ठेवावा, हेही मापदंडात बसू शकतं.

खडीवाला_नाना:
घुबडासाठी कडा ठेवतो, मेंढीसाठी गवत लावतो, गुरांसाठी पाणी ठेवतो. माझ्यासाठी काय?

भरीत_पार्टी:
तुमच्यासाठी बामणोदच्या वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि वरून तेल. या एकदा यावलला.

पांझराकाठचा:
मंडळी, भरिताचा वेगळा धागा काढा. मला दोन गोष्टी अजून कळल्या नाहीत. एक, ताडून बघायचा 'शेजारचा तुकडा' कुठला? आमचं उरलेलं गायरान चरून चरून टकलं झालंय. त्याच्याशी तुलना केली तर पट्टेदार आजच पास. दोन, मोजायचं कसं? आमच्याकडे वनस्पतीचा प्राध्यापक नाही.

साक्रीकर:
पहिल्याचं मी सांगतो. लामकानी तुमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या माळावर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, समतल चर खोदले, आणि काही शे हेक्टरांवर गवत परत आलं. तीच मुरमाड टेकडी, तोच पाऊस. एक दिवस पोरांना घेऊन जा आणि कोणती गवतं आहेत ती बघा. लळिंगचं कुरणही हाताशी आहे. आणि आमच्या बारीपाड्यालाही या. तिथे जंगल आहे, गवत नव्हे, तेव्हा तुलनेला उपयोगी नाही, पण नियम गावानेच केले आणि गावानेच राबवले, ते बघायला या. तिथलं काम उभं करणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली ती उगाच नाही.

तृणमित्र:
तुलनेचा तुकडा म्हणून लामकानीच घ्यायला हवी असं नाही. गायरानातलाच अर्धा एकर, खदानीसारखाच उतार आणि मुरूम असलेला, आत्ताच काटेरी फांद्यांचं कुंपण घालून बंद करा. पट्टा संपेपर्यंत तो तुमचा नमुना तयार होईल. लामकानीवरून कळेल की इथे काय काय येऊ शकतं.

मोजायला पोरं पुरेत. ५० मीटरची टेप जमिनीवर ताणायची. दर अर्ध्या मीटरला टेपच्या खाली काय आहे ते लिहायचं: कोणतं गवत, तण, दगड, उघडी माती. १०० बिंदू झाले, प्रत्येक बिंदू एक टक्का. नमुन्याच्या तुकड्यातही तसंच. टेप कुठे टाकायची हे पट्टेदाराने ठरवायचं नाही, गावानेही नाही. नकाशावर चौकोन आखून चिठ्ठ्या टाका. एकदा ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यावर असतं तेव्हा नावं ओळखायला. एकदा एप्रिलअखेर, बहुवार्षिक गवताचे बुंधे जिवंत आहेत की नाही ते बघायला. गिरणाईंचा मुद्दा इथे येतो.

खडीवाला_नाना:
आणि दुष्काळ पडला तर? दोन वर्षं पाऊस नाही झाला तर माझी अनामत गेली का?

तापी_ते_ओहायो:
नाना, तुलनेच्या तुकड्याचा हाच तर फायदा. पाऊस कमी झाला तर त्या तुकड्यातलंही गवत कमी होतं. तुम्हाला त्याच्या प्रमाणात भरायचं आहे. ठरावात '६० टक्के आच्छादन' असा सरळ आकडा लिहिला तर दुष्काळात तुम्ही फुकट मारले जाल आणि चांगल्या पावसाच्या वर्षी काही न करता सुटाल. दोन्ही वाईट.

खडीवाला_नाना:
हे पटलं. हे आमच्या संघटनेतही सांगतो. पण ९० टक्के कातळावर होणार नाही.

बोरीचं_पाणी:
कातळावर कोण मागतंय? वरच्या भागावर मागतोय.

मेंढवाडा:
चराईचं उत्तर कोणी दिलं नाही.

पांझराकाठचा:
मेंढवाडा, विसरलो नाही. आज पोरांबरोबर बसून कच्चा मसुदा केला, तो टाकतो. झोडपा.

"खणण्यापूर्वी मातीची खोली पाच ठिकाणी मोजून तलाठी, पट्टेदार आणि ग्रामसभेच्या प्रतिनिधींसमक्ष पंचनामा होईल. ती माती व मुरूम गटाबाहेर जाणार नाही. खोदकाम संपलेला भाग पुढचा भाग उघडण्याआधी फोडून, माती टाकून तयार करावा. काठ व कामाच्या जागेवर बहुवार्षिक गवताचं आच्छादन बंद ठेवलेल्या नमुना तुकड्याच्या ८० टक्के असावं, आणि त्यातलं निम्मं तरी शेडा, पवन्या, मारवेल यांचं असावं. वेडी बाभूळ, घाणेरी, गाजरगवत व रानतुळस मिळून ५ टक्क्यांहून जास्त नसावीत. बेंचवर सालई, मोई, काकड यांची झाडं, पाणी देणं थांबवल्यावर तीन उन्हाळे काढलेली. तळाला एक बाजू गुरांना उतरता येईल अशी. मोजणी ऑक्टोबर व एप्रिलमध्ये, ग्रामसभा व पट्टेदार मिळून, शेवटचं बी-पाणी दिल्यापासून पाच वर्षं. चराई पहिली दोन वर्षं बंद, तिसऱ्या वर्षापासून गवताला बी पडून गेल्यावर ठेलारी व गावच्या मेंढ्या-गुरांना ग्रामसभेने ठरवलेल्या पाळीने मोकळी."

तृणमित्र:
चांगलं आहे. एक बदल: ८० टक्के एका वर्षात नको, शेवटच्या दोन्ही वर्षांत सलग हवं. एखाद्या चांगल्या पावसाच्या वर्षात कोणीही पास होतो. तिसऱ्या वर्षी चराई सुरू होईल तेव्हा नमुना तुकड्यातही तेवढीच चराई द्या, नाहीतर तुलनाच चुकेल.

तापी_ते_ओहायो:
पाच वर्षं कमी वाटतात, पण नाना इथे आहेत म्हणून गप्प बसते.

खडीवाला_नाना:
मी इथे आहे म्हणूनच पाच आहेत. सात म्हणाल तर मी सही करणार नाही, आणि करणारा दुसरा कोणी येईल जो धागा वाचत नाही. एक सरळ प्रश्न: शेड्याचं बी मिळतं कुठे? कृषी केंद्रात मी कधी पाहिलं नाही.

तृणमित्र:
दुकानात मिळायचं कठीण. कुरणात ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिकलं की हाताने ओरबाडून गोळा करायचं, सावलीत वाळवून पोत्यात ठेवायचं. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवलेलं चांगलं. काळी माती आणि शेण यांच्या छोट्या गोळ्यांत घालून पहिल्या पावसाच्या तोंडावर टाका. नुसतं फेकलं तर मुंग्या नेतात. कुरण वन विभागाचं असेल तर परवानगी लागेल, गावाचं असेल तर गावाची.

मेंढवाडा:
मसुदा बरा शे. पाळीचं लिहिलं ते बरं केलं. अजून एक घाला. माती टाकली की त्यावर आमच्या मेंढ्या बसवा, शेतकरी बसवतात तशा. लेंडी-मुताचं खत होईल. नानांनी त्याचे पैसे द्यायचे.

तृणमित्र:
कल्पना झकास, पण वेळ सांभाळा. वेडी बाभळीच्या शेंगा उन्हाळ्यात पडतात, मेंढ्या त्या खातात आणि बी लेंडीतून तसंच्या तसं बाहेर येतं. उन्हाळ्यात मेंढ्या बसवल्या तर पुढच्या पावसाळ्यात बाभूळ मोजत बसाल आणि नानांचा ५ टक्क्यांचा आकडा तिथेच जाईल. थंडीत बसवा.

मेंढवाडा:
थंडीमा आम्हीन खाले उतरतस, गुजरातकडे. संक्रांतीना आंगेमांगे परत येवानं सांगा तर जमी.

खडीवाला_नाना:
रात्रीचा दर काय?

मेंढवाडा:
आठे नही सांगाव. ग्रामसभाले या, चहा पाजा, मंग बोलसूत.